तुम्ही विचारलंत म्हणून: बीअर तयार व्हायच्या आधीच फ्रीजरमध्ये का?

आमच्या गराजमधला आडवा फ्रीजर पाहिला की पाहुणे हमखास विचारतात: तयार झालेली बीअर थंड करायची हे समजलं, पण जी अजून आंबतेय तिला आत्तापासून फ्रीजरमध्ये कशाला ठेवायचं? उबेत तर लवकर आंबेल ना? विचारणाऱ्यांत स्वतः घरी बीअर करू पाहणारेही असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उबेत लवकर आंबते हे खरं आहे, आणि अडचण तिथेच आहे. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तर देतंच, पण वाढता वाढता इतरही बरेच पदार्थ सोडतं. तापमान जास्त असेल तर ते झपाट्याने वाढतं आणि हे पदार्थही जास्त होतात. एस्टर वाढले की फळांचा वास येतो. त्यातला आयसोअमाइल अ‍ॅसिटेट म्हणजे थेट पिकलेलं केळं. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या गव्हाच्या बीअरमध्ये हा वास हवाच असतो, पण साध्या पेल एलमध्ये (एल म्हणजे तुलनेने उबेत आंबणारी बीअर) तो आला तर बीअर फसली. तापमान आणखी चढलं की फ्यूजेल अल्कोहोल तयार होतात आणि घशाशी जळजळीत, थिनरसारखी चव लागते. नंतर बाटल्या कितीही दिवस ठेवा, ती चव फारशी जात नाही.

बहुतेक एल यीस्टना १८ ते २० अंश सेल्सिअस मानवतं. (इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, पाककृती फॅरनहाइटमध्ये असतात, ६४ म्हणजे साधारण १८.) यावर लोक म्हणतात, मग घरात एसी २१ वर लावलाय की! इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. आंबण्याची क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करते. वीस लिटरचं भांडं जोरात आंबत असताना आतली बीअर खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी, कधी त्याहूनही जास्त गरम असते. म्हणजे भिंतीवरचा थर्मामीटर २१ दाखवत असताना यीस्ट २५ मध्ये पोहत असतं. जपायचं ते बीअरचं तापमान, खोलीचं नव्हे. एवढी एक गोष्ट मनात बसली तरी पुढची बीअर आधीच्यापेक्षा चांगली होईल, हे मी खात्रीने सांगतो.

म्हणून फ्रीजर. आम्ही डॅलसजवळ राहतो. जुलैत गराज ४० अंशांना टेकतं. फ्रीजर मात्र आपणहून उणे १८ पर्यंत जाणारं यंत्र, म्हणून त्याच्या आणि प्लगच्या मध्ये एक छोटा कंट्रोलर लागतो. बीअर १८ च्या वर गेली की तो फ्रीजर चालू करतो, खाली आली की बंद. त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, हवेत लोंबकळत ठेवू नये. भांड्याच्या बाहेरून, बीअरच्या पातळीखाली तो चिकटपट्टीने लावावा आणि वर फोमचा जाड तुकडा बांधावा. तरच तो बीअरचं तापमान वाचतो. कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधी काही मिनिटं थांबेल अशी सोय कंट्रोलरवर असते, ती वापरावी, नाहीतर कॉम्प्रेसर लवकर खराब होतो. हिवाळ्यात हाच कंट्रोलर भांड्याला गुंडाळलेला उबपट्टा चालू-बंद करतो.

पहिले तीन दिवस सगळ्यात महत्त्वाचे. नको ते वास बहुतेक तेव्हाच तयार होतात. म्हणून उकळलेलं वर्ट (माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, गोड पाणी) १८ पर्यंत गार झाल्याशिवाय मी यीस्ट घालत नाही, रात्रीचे बारा वाजले तरी. जोर ओसरला की उलट करायचं: तापमान २०-२१ पर्यंत चढू द्यायचं. म्हणजे यीस्ट सुस्तावत नाही आणि लोण्यासारखा वास देणारं डायअ‍ॅसिटिल परत शोषून घेतं. लागरचा, म्हणजे थंडीत सावकाश आंबणाऱ्या बीअरचा, हिशोब वेगळा: १० ते १२ अंशांवर आंबवणं, मग काही दिवस १७ च्या आसपास, आणि शेवटी गोठणबिंदूच्या जरा वर कित्येक आठवडे.

हे काही आजच्या हौशी लोकांचं खूळ नाही. बव्हेरियात १५५३ साली फर्मान निघालं, की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बीअर करायची नाही. उन्हाळ्यातली बीअर बिघडते हे तेव्हाच्या लोकांना अनुभवाने ठाऊक होतं; यीस्ट म्हणजे काय हे कळायला अजून तीन शतकं होती. हिवाळ्यात करायची आणि बर्फ भरलेल्या तळघरात उन्हाळाभर टिकवायची, यातून तिथली लागर रुजली. ऋतूचं हे बंधन सुटलं ते १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांची शीतयंत्रं म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीत चालू लागल्यावर. माझ्या गराजमधला फ्रीजर त्याच वंशातला आहे, आणि मला त्याचं खरोखर अप्रूप वाटतं.

माल्ट गरम पाण्यात भिजवतानाही तापमान लागतंच: ६४ अंशांना बीअर हलकी, कोरडी होते, ६८-६९ ला अंगाने भरलेली. पण तिथे दोन अंश इकडेतिकडे झाले तरी बीअर पिण्याजोगी होते. म्हणून पैसे मोजकेच असतील तर वर्ट उकळायची चकचकीत किटली राहू द्या. जुना फ्रीज आणि कंट्रोलर घ्या.

पुण्या-नागपूरहूनही हाच प्रश्न येतो. त्यांना आधी कायद्याचं सांगतो. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरच्यापुरती बीअर करायला संघीय पातळीवर मुभा मिळाली, घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००, विक्री मात्र नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय ती तयार करणं गुन्हा आहे.

इथे अमेरिकेतच फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना फ्रीजरची जागा नसते. त्यांनी भांडं पाण्याच्या टबात ठेवावं, त्यावर ओलं सुती कापड गुंडाळावं, पंखा लावावा आणि सकाळ-संध्याकाळ टबात बर्फाच्या बाटल्या बदलाव्यात. माठ जसा गार होतो तसंच हे. कोरड्या हवेत छान चालतं, ह्यूस्टनच्या दमट हवेत बाटल्यांवरच भिस्त. तेही जमणार नसेल तर नॉर्वेच्या शेतघरांतून आलेलं क्वाइक यीस्ट घ्यावं. ते तिशी-पस्तिशीतही स्वच्छ आंबवतं. लागरचा विचार मात्र फ्रीज मिळेपर्यंत करू नये.