गावचा रेडिओ कोइमतूरच्या गलाईच्या दुकानात

आमच्या खानापूर-आटपाडीकडे घरटी कुणी ना कुणी गलाईला गेलेलं असतं. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा हा धंदा आमची माणसं तमिळनाडू-केरळपासून पार दिल्ली-कोलकात्यापर्यंत करतात. माझा चुलतभाऊ कोइमतूरला आहे. दोन वर्षांपूर्वी यात्रेला आला तेव्हा म्हणाला, "ताई, तू रोज सकाळी रेडिओवर बोलतीस म्हणं. आई फोनवर सांगती. मी कसा ऐकू?"

आमचं केंद्र सामुदायिक रेडिओचं, म्हणजे गावानं गावासाठी चालवलेलं. अशा केंद्राला परवानगी १०० वॅटची, मनोरा जास्तीत जास्त ३० मीटरचा. सपाटीवर आवाज दहा-बारा किलोमीटर जातो. आमच्या घाटमाथ्यावर एखादी टेकडी आडवी आली की त्याच्या आधीच खरखर सुरू. ज्यांच्या घरादाराच्या गोष्टी आम्ही सांगतो, त्यातली किती माणसं या वर्तुळाच्या बाहेर! म्हणून थेट इंटरनेटवर जायचं ठरलं. मी निवेदिका. मिक्सर, म्हणजे माईकचे-गाण्यांचे आवाज एकत्र करायचं यंत्र, हाताळायची सवय होती, बाकीचं करत करत शिकले.

रस्ता तसा सरळ आहे. मिक्सरमधून आवाज एका छोट्या यूएसबी साउंड कार्डात, तिथून जुन्या कॉम्प्युटरवरच्या 'बट' नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, आणि तिथून भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवरच्या 'आईसकास्ट' या प्रसारणाच्या सॉफ्टवेअरकडे. स्टुडिओतून एकच धार बाहेर पडते, ऐकणाऱ्यांना वाटायचं काम सर्व्हरचं. हे फार महत्त्वाचं. ६४ केबीपीएसचा (सेकंदाला ६४ किलोबिट) प्रवाह शंभर जणांना आमच्याच ब्रॉडबँडवरून द्यायचा म्हटला, तर ६.४ एमबीपीएस अपलोड सतत हवा. तो आमच्या गावात मिळत नाही.

आमची धार ६४ केबीपीएस, मोनो (एकाच चॅनेलचा आवाज), एमपी३. तासाला साधारण २९ एमबी डेटा जातो. लोक म्हणाले, १२८ ठेवा, आवाज भारी येतो. पण आमचं निम्म्याहून जास्त प्रसारण बोलण्याचं आहे, आणि भट्टीवर काम करणारा पोरगा दिवसाच्या डेटा पॅकवर ऐकतो. त्याचा डेटा दुपारी संपला, तर भारी आवाजाचा उपयोग काय?

पहिल्याच दिवशी आवाजाखाली एक बारीक गुंगुं लागली. केबल बदलल्या, साउंड कार्ड बदललं, काही फरक नाही. शेवटी लॅपटॉपवर जोडून पाहिलं. चार्जर काढला की गुंगुं गायब! म्हणजे मिक्सर आणि कॉम्प्युटर दोघांच्या अर्थिंगमधून विजेची ५० हर्ट्झची गुणगुण फिरत होती. मध्ये एक छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकला आणि मिटलं.

खरा पेच गाण्यांचा होता. एफएमवर सिनेमाची गाणी वाजवायची व्यवस्था वेगळी आणि इंटरनेटवरची वेगळी. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-डीखाली मिळणारा परवाना रेडिओ-टीव्हीपुरताच आहे, इंटरनेटवरच्या स्ट्रीमिंगला तो लागू नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्येच दिला आहे. म्हणजे वेगळा परवाना घेतल्याशिवाय 'तुमची आवड'मधलं गाणं स्ट्रीमवर जाता कामा नये. वाट मिक्सरवरच सापडली. मेन आउट, म्हणजे मुख्य आवाज, ट्रान्समीटरला दिला आणि ऑक्स आउट, म्हणजे हवे तेवढेच आवाज वेगळे बाहेर काढायची वाट, स्ट्रीमला. गाण्यांच्या कॉम्प्युटरच्या चॅनेलवर ऑक्सची खुंटी शून्यावर, माईकच्या चॅनेलवर वर. एफएमवर गाणं चालू असताना स्ट्रीमला दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आमच्याच गावोगावच्या रेकॉर्डिंगा मिळतात: जात्यावरच्या ओव्या, भजनं, म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती.

आणि इथेच माझ्या हातून मोठी चूक झाली. मुलाखत संपल्यावर मी पाहुण्या बाईंच्या माईकचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली ओढला. त्या माझ्याशी घरचं बोलायला लागल्या. सुनेचं, दवाखान्याचं, कर्जाचं. दोन मिनिटांत भावाचा फोन: "ताई, माईक बंद कर. सगळं ऐकू येतंय." आमच्या मिक्सरचा ऑक्स 'प्री' होता, म्हणजे फेडरच्या आधीच आवाज उचलत होता. फेडर खाली असला तरी स्ट्रीमला माईक उघडाच. स्ट्रीम अजून जाहीर झाला नव्हता आणि ऐकणारा एकटा भाऊच होता, म्हणून निभावलं. बाईंना मी तिथल्या तिथे सांगितलं, माफी मागितली. त्यांनी माझा हात धरला आणि काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून प्रत्येक प्रसारणाआधी ते 'प्री-पोस्ट'चं बटण 'पोस्ट'वर, म्हणजे फेडरनंतरचा आवाज घेण्यावर, आहे का, ते मी बोटानं चाचपून बघते. तुम्ही अशी जोडणी करणार असाल तर सगळ्यात आधी हे तपासा.

वीज गेली की स्ट्रीम तुटायचा आणि ऐकणारे बाहेर फेकले जायचे. आईसकास्टमध्ये त्यावर उपाय आहे: मुख्य धार तुटली की श्रोत्यांना दुसऱ्या धारेवर सरकवायचं आणि वीज आली की परत आणायचं. दुसऱ्या धारेवर ओव्या ठेवल्या. त्यांचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले, तो आकडा) ४८ किलोहर्ट्झ आणि मुख्य प्रवाहाचा ४४.१, म्हणून काहींचे मोबाईल मध्येच मुके व्हायचे. दोन्ही एकसारखे केले, मग सुरळीत झालं. वेबसाइट सुरक्षित 'एचटीटीपीएस'वर असेल तर स्ट्रीमही त्यावरच द्या, नाहीतर ब्राउझर तो अडवतो.

आता डोक्यात चैत्रातली यात्रा आहे. भावाला या वर्षी दुकान सोडून येता येणार नाही. देऊळ खोलगट जागी, मोबाईलला रेंज फक्त लिंबाच्या पारावर, म्हणून तिथून ३२ केबीपीएसवर पाठवून पाहिलं. पालखीची गाणी नीट गेली, पण ढोल-कैताळ सुरू झाले आणि मोबाईलच्या माईकवर आवाज फाटला. भाऊ म्हणाला, "ढोल हाय का पत्रा, काय कळंना." येत्या रविवारी ढोलकऱ्यांना पुन्हा बोलावलंय. या वेळी साधा माईक ढोलापासून वीस पावलं लांब, ओवरीच्या खांबाला बांधणार आहे आणि तिथून पारापर्यंत केबल ओढणार आहे. तिकडे भाऊ भट्टीशेजारी मोबाईल लावून बसणार आहे.