किराणा वर्षाचा धरला तेव्हा महिना निभला

आमच्या घरात खाणारी पाच माणसं. मी, हे, आमच्या आत्या (सासूबाईंना आमच्याकडे आत्याच म्हणतात), नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. राहायला सोलापूरच्या साखर पेठेत. हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत, मी घरीच शिवणकाम करते. पगार आणि शिलाई मिळून स्वयंपाकघराला महिन्याला ८,५०० रुपये, हे आम्ही दोघांनी बसून ठरवलं. ठरवायला एक संध्याकाळ लागली. पाळायला पावणेदोन वर्षं.

सुरुवात जुलै २०२३ ची. टोमॅटो शंभरीच्या पुढे गेला होता, तूरडाळ चढतच होती. २२ तारखेला बघितलं तर तेलाची बरणी तळाला आणि पाकिटात दोनशे रुपये. हे म्हणाले, "महागाईच एवढी आहे, तू तरी काय करणार." मलाही तसंच वाटत होतं. पण त्या रात्री मुलीने माझ्या फोनवरचे महिन्याचे सगळे व्यवहार वहीत उतरवून काढले. मोठा किराणा भरून झाल्यावरही कोपऱ्यावरच्या दुकानाला ५१ वेळा पैसे गेले होते. दहा, वीस, पस्तीस, एकदा १८५. बेरीज १,९४० रुपये. दही, पाव, बिस्किटं, चहापत्तीची पुडी, शंभर ग्रॅम शेंगदाणे. एकही वस्तू चैनीची नव्हती, म्हणून तर ती कधी डोळ्यांत आली नाही. नोटा मोडून दिल्या असत्या तर हाताला जाणवलं असतं.

ऑगस्टपासून मी फार कडक झाले. भाजीचे, दुधाचे, किराण्याचे पैसे वेगवेगळ्या पाकिटांत घातले, यादी ग्रॅममध्ये लिहिली, पोरांची बिस्किटं बंद केली. शेंगदाणे महाग म्हणून शेंगा चटणीही थांबवली. यांच्या डब्यात चार पोळ्या असायच्या, त्या तीन केल्या. पहिल्या महिन्यात ६०० रुपये उरले. मी खूश होते. आणि मग एकदा यांची पँट धुवायला घेताना खिशात वडापावच्या गाडीवरचा कागद सापडला, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. विचारलं तेव्हा खाली बघून म्हणाले, "चार वाजता भूक लागते गं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." रोजचे तीस रुपये, २५ दिवसांचे साडेसातशे. माझ्या वहीत उरलेले ६०० तिकडे जास्तीचे होऊन जात होते, आणि माणूस अर्धपोटी मशीनवर उभा होता. ते आठवलं की आजही मला गलबलून येतं. तेव्हापासून एक गोष्ट ठरवली की ताटातलं आणि डब्यातलं कमी करून पैसे वाचवायचे नाहीत. दुसरीकडे शोधायचे.

पण दुसरीकडे म्हणजे कुठे, हे कळत नव्हतं. दिवाळीत हिशेब कोलमडला, ते धरूनच चालले होते. जानेवारीत गड्ड्याची (सिद्धेश्वराची) यात्रा, पाहुणे, पुन्हा तेच. त्याच महिन्यात मी माझ्या मते शहाणपणा केला. केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली होती आणि आपल्या मार्केट यार्डात कांद्याचे ढीग लागले होते. शेतकऱ्यांचे चेहरे बघवत नव्हते. मी १५ रुपयांनी २५ किलोची गोणी उचलली. चार महिन्यांचा कांदा झाला म्हणून पलंगाखाली पसरून ठेवला. तीन आठवड्यांत खोलीत वास सुटला. वरचे कांदे कोंब काढत होते, खालचे हाताला लिबलिबीत लागत होते. चौदा-पंधरा किलो फेकला.

आत्या तेव्हा नणंदेकडे पंढरपूरला होत्या. परत आल्यावर वास घेऊनच त्यांनी ओळखलं. "लाल कांदा हाय त्यो. आठ-पंधरा दिसाचा पाव्हणा. साठवायचा तर उन्हाळी कांदा, चैत्र-वैशाखात निघतो त्यो." आणि मग त्यांनी विचारलं, "तू किराणा म्हयन्याचा कसला धरतीस? ज्वारी काय दर म्हयन्याला पिकती का?"

मी दोन दिवस या वाक्यावर विचार करत राहिले. माझी सगळी आखणी पगाराच्या तारखेवर बेतलेली होती. पण धान्य पगाराच्या तारखेला येत नाही. आपल्याकडची शाळू ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, तूर जानेवारी-फेब्रुवारीत, चिंच आणि मिरची उन्हाळ्यात. ज्या महिन्यात वस्तू मुबलक असते त्या महिन्यात माझ्याकडे पैसे नसायचे, आणि ज्या महिन्यात ती चढलेली असते त्या महिन्यात मी पाच-पाच किलो आणत होते. आत्यांच्या काळी घरात पत्र्याच्या कोठ्या होत्या, एका दमात वर्षाचं धान्य भरायचे. सोलापूरकराला खरं तर साठवण शिकवावी लागत नाही. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात आम्ही पिंप, बादल्या, पातेली सगळं भरून ठेवतो. धान्याचंच आम्ही विसरलो होतो.

मार्च २०२४ मध्ये माझ्याकडे जेमतेम एका कट्ट्याचे पैसे निघाले. ५० किलो ज्वारी आणली, ती जूनच्या मध्याला संपली. पद्धत बरोबर आहे हे कळलं, पण एकरकमी पैसा कुठून आणायचा?

उत्तर गल्लीतच होतं. आमची दहा जणींची भिशी आहे, महिन्याला हजार रुपयांची, जून ते मार्च. जूनचा नंबर वह्या-पुस्तकांसाठी हवा असतो, त्यानंतर गणपती, दिवाळी. मार्चचा नंबर कुणालाच नको, कारण सगळे हप्ते भरून शेवटी आपलेच पैसे आपल्याला मिळतात. मी तो मागून घेतला. बायका म्हणाल्या, तुला काय फायदा? व्याज नाही, काही नाही. पण मला मार्चमध्येच दहा हजार हवे होते, आणि घरात ठेवले असते तर ते मार्चपर्यंत राहिले नसते हे मला ५१ वेळांवरून चांगलं माहीत होतं.

मग ८,५०० ची वाटणी नव्याने केली. किराणा ३,०००, दूध १,७००, भाजी १,६००, भिशी १,०००, गिरणी-अंडी-किरकोळ ७००, आणि सणाच्या डब्यात ५००. भिशी एप्रिल-मे नसते, तेव्हा ते हजार रुपये मिरचीला, काळ्या तिखटाच्या मसाल्याला आणि उन्हाळी कांद्याला. सणाचा डबा मला फार महत्त्वाचा वाटतो. श्रावणात साबुदाणा, भगर, शेंगदाणे यांनी महिना नेहमी फाटायचा. उपासाचा महिना सर्वांत महाग जायचा. आता तो खर्च या डब्यातून होतो, आणि गड्ड्याला पोरांना पाळण्यात बसवायचे पैसेही त्यातूनच निघतात.

मार्च २०२५ ला आत्यांना रिक्षात घालून मार्केट यार्डात नेलं. मंगळवेढ्याकडची मालदांडी आली होती. त्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, दुकानदार सगळ्याच ज्वारीला मंगळवेढ्याची म्हणतात, पण आत्यांना नावाशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातली मूठभर काढली, वरची नाही. तळहातावर पसरून फुंकर मारली. दाणा टपोरा, मोत्यासारखा पिवळसर पांढरा. मग दोन दाणे दाढेखाली धरले. कट्ट असा आवाज मला शेजारी उभं राहून ऐकू आला. "वाळलीय," म्हणाल्या. त्याआधीच्या दोन ठिकाणी दाणा दाताखाली नुसता चेपला होता. तिथे भाव दोन रुपयांनी कमी होता, मला मोह झाला होता, पण ओलसर ज्वारी कोठीत गेली की पावसाळ्यात सोंडे होणार.

३८ रुपयांनी दोन क्विंटल घेतली, ७,६०० रुपये. हमाली आणि टेम्पो ३००. उरलेल्या २,१०० मध्ये ११५ ने पंधरा किलो तूरडाळ आणि राहिलेल्या पैशांची चिंच. गच्चीवर तीन दिवस ऊन दिलं, संध्याकाळी गार होऊ दिली, मग कोठीत थर आणि त्यावर वाळवलेला कडुलिंबाचा पाला, पुन्हा थर. पाला ओला घालायचा नाही, नाहीतर त्यानेच बुरशी धरते. गरम धान्यही कोठीत भरायचं नाही, आत घाम सुटतो.

दिवाळीला दुकानात तशीच ज्वारी ५२ रुपये होती. दोन क्विंटलला टेम्पो वजा जाता अडीच हजार वाचले. कुणाला ही रक्कम थोडी वाटेल. पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट अशी की वर्षभर रात्रीच्या आठ-नऊ भाकरी ठरलेल्या. २२ तारखेला पाकीट रिकामं असलं तरी कोठीत ज्वारी, बरणीत डाळ, डब्यात काळं तिखट असतं. घरात धान्य आहे म्हटलं की बाजारात माणूस घाईने पैसे टाकत नाही.

शेंगा चटणी परत आली. महिन्याला दोन किलो दाणे आता यादीत पहिले लिहिते. दाणे मंद आचेवर खरपूस भाजून, साल काढून, लसूण, तिखट, मीठ, जिरं घालून उखळात कुटायचे. मिक्सरमध्ये त्याचा भुगा होतो. उखळात पंधरा-वीस मिनिटांनी कडेला तेल सुटायला लागतं आणि चटणी बत्त्याला चिकटून वर येते, तेव्हा झाली. ती आणि भाकरी असली की ज्या दिवशी भाजी महाग त्या दिवशी कुणाची तक्रार नाही. उरलेली भाकरी मी तव्यावर मंद ठेवून कडक करते. मुलगा शाळेतून आल्यावर तिच्यावर चटणी आणि दही घेऊन खातो. बिस्किटाचा पुडा आपोआप सुटला, बंद करावा लागला नाही.

भाजीला लक्ष्मी मंडईत संध्याकाळी उशिरा जाते, आठवड्याचे ४०० रुपये घेऊन, फोन घरी ठेवून. तिथलं सगळ्यात मोठं शिक्षण मला शेजारच्या तेलुगू वहिनींनी दिलं. टोमॅटो चढला की त्या पुंटीकूर करतात, म्हणजे आपली अंबाडी. डाळीत किंवा ज्वारीच्या कण्यांत शिजवली की आंबटपणाला दुसरं काही लागत नाही. आता आमच्याकडे टोमॅटो ४० च्या वर गेला की अंबाडी नाहीतर चिंच. तूरडाळीलाही आत्यांनी जोडीदार दिले. आठवड्यातून दोनदा हुलगा, एकदा मटकी, आमटीला अर्धी तूर अर्धी मूग. हुलग्याचं माडगं पोरांना आधी आवडलं नव्हतं. थंडीत गरम गरम, वर तूप घालून दिलं, तेव्हा आवडलं.

दुकानातल्या काही गोष्टी उशिराच कळल्या. तेलाची पिशवी स्वस्त दिसली म्हणून आणली आणि घरी वजन वाचलं तर ८५० ग्रॅम. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे पाच रुपये कमी देऊन साठ ग्रॅम तेल कमी आणलं होतं. तेव्हापासून किमतीच्या आधी वजन वाचते. डाळ-तांदूळ सुटाच घेते. लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या पाकिटावर जुलै २०२२ पासून पाच टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. पण सुटं घेताना निवडून बघायला वेळ हवा, पहिल्या तारखेच्या गर्दीत ते होत नाही. मी पाच-सहा तारखेला दुपारी जाते.

हे सगळं सगळ्यांना जमेल असं मी म्हणत नाही. आमचं कार्ड केशरी, आम्हाला रेशनचं धान्य नाही. ज्यांचं अंत्योदयचं कार्ड आहे त्यांना महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून तेही मोफत, त्यांची आखणी वेगळी असणार. ज्यांच्या घरात कोठी ठेवायलाही जागा नाही त्यांचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आमच्या गल्लीतल्या एका विडी कामगार ताईंचं घर एका खोलीचं आहे. यंदा आम्ही दोघींनी मिळून तीन क्विंटल ज्वारी आणली, त्यांचे ८० किलो माझ्याच जिन्याखाली वेगळ्या पिंपात आहेत. महिन्याला सात-आठ किलो घेऊन जातात. झाकणावर खडूने आकडा लिहितो, सध्या ६४.

जूनमध्ये नवी भिशी सुरू होणार. परवा सगळ्या जमलो होतो. मार्चचा नंबर मी माझाच धरून चालले होते, पण यंदा तो मागणाऱ्या चौघी निघाल्या. चिठ्ठ्या टाकायचं ठरलंय.