घरचा मेल सर्व्हर : फोटोची पत्रं दारातूनच का परतत होती

शनिवार रात्र

हिवाळ्यात आमचा पक्षीनिरीक्षकांचा गट नांदूर मध्यमेश्वरला जातो आणि तिथले फोटो माझ्या सर्व्हरवरच्या एका ईमेल पत्त्यावर जमा होतात. सर्व्हर म्हणजे सिडकोतल्या घरी इन्व्हर्टरला जोडलेला जुना संगणक, त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली आणि मेल घेणारा-पाठवणारा पोस्टफिक्स हा प्रोग्राम. इंटरनेटवरचा पत्ता (आयपी) स्थिर आहे, सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते पोर्ट २५ उघडं आहे, वर्षभर काही तक्रार नव्हती. या आठवड्यात निफाडच्या काकांचा फोन आला. "अरे, चक्रवाकाचा फोटो तीनदा पाठवला, तिन्ही वेळा परत आला. नुसतं पत्र लिहिलं तर पोचतंय." परत आलेली सूचना त्यांनी पुसून टाकली होती.

लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, 'रिजेक्ट' (नकार) शोधलं, तर त्या दिवशीची एकही ओळ नाही. पत्र नाकारलं गेलं आणि नाकारणाऱ्या सर्व्हरला त्याचा पत्ताच नाही, हे कसं? एमएक्स रेकॉर्ड (मेल कोणत्या सर्व्हरकडे जावं याची नोंद), फायरवॉल, ग्रेलिस्टिंग (अनोळखी सर्व्हरला आधी 'नंतर या' म्हणणं) यांच्या मागे मी लागलो नाही. लहान पत्र पोचतंय म्हणजे रस्ता मोकळा आहे.

रविवार

उत्तर 'डिसकनेक्ट'च्या ओळींत होतं. या ओळी आपण सगळेच नजरेआड करतो. पाहुणा सर्व्हर निघून जाताना पोस्टफिक्स त्याने कोणत्या आज्ञा किती वेळा दिल्या हे लिहून ठेवतो. ईएचएलओ म्हणजे नमस्कार, स्टार्टटीएलएस म्हणजे कूटबद्ध बोलणं सुरू करणं, मेल म्हणजे पाठवणारा, आरसीपीटी म्हणजे घेणारा, डेटा म्हणजे मजकूर आणि क्विट म्हणजे निरोप. पत्र नीट आलं की ओळ अशी दिसते : ईएचएलओ=२ स्टार्टटीएलएस=१ मेल=१ आरसीपीटी=१ डेटा=१ क्विट=१. काकांच्या वेळेला मात्र एवढंच होतं : ईएचएलओ=२ स्टार्टटीएलएस=१ क्विट=१. म्हणजे समोरचा आला, नमस्कार झाला, आणि पत्राचा विषयही न काढता तो निघून गेला.

मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, म्हणजे बाहेरच्याच वाटेने, टेलनेटने (सर्व्हरशी आज्ञा टाइप करून बोलायचं साधन) पोर्ट २५ वर गेलो आणि हाताने ईएचएलओ दिलं. सर्व्हरने जी यादी वाचून दाखवली तीत एक ओळ होती : साइझ १०२४००००. आपण किती मोठं पत्र घेतो हे सर्व्हर पहिल्याच भेटीत सांगून टाकतो. १९९५ च्या आरएफसी १८७० या इंटरनेटच्या मानकात ही सोय आहे. पाठवणारा सर्व्हर शहाणा असेल तर तो आकडा बघून आपलं पत्र मोजतो, मावत नसेल तर पाठवतच नाही आणि परत-सूचना स्वतःच तयार करतो. माझ्याकडे नकाराची नोंद नव्हती ती यामुळे. दुसऱ्या एका सदस्याच्या सर्व्हरने मात्र मेल फ्रॉम या आज्ञेसोबत आकार कळवला होता. तिथे माझ्या पोस्टफिक्सने ५५२ ५.३.४ हा नकाराचा क्रमांक देऊन 'मेसेज साइझ एक्सीड्स फिक्स्ड लिमिट', म्हणजे पत्र मर्यादेपेक्षा मोठं आहे, असं म्हटलं होतं आणि ते आदल्या दिवशीच्या लॉगमध्ये सापडलं. दुखणं एकच, पण एकीकडे लॉग बोलतो आणि दुसरीकडे गप्प राहतो. म्हणून पाठवणाऱ्याकडची परत-सूचना मागून घ्याच.

पण काकांचा फोटो तर ७६ लाख बाइटांचा आणि मर्यादा १ कोटी २ लाख ४० हजारांची. अडायला नको होता. इथे बेस६४, म्हणजे जोडलेली फाइल मेलमधून जाण्यासाठी साध्या अक्षरांत बदलायची पद्धत, आठवावी लागते. जोडणीतल्या दर ३ बाइटांची ४ अक्षरं होतात, शिवाय दर ७६ अक्षरांनंतर ओळ बदलायची २ अक्षरं. हिशेब मांडला तर ७६ लाखांचे १ कोटी ४ लाख झाले. काकांनी यंदा नवा कॅमेरा घेतलाय, गेल्या वर्षीचे फोटो याच्या निम्मे असायचे.

रविवार संध्याकाळ

मर्यादा ५० एमबी केली, म्हणजे ५,२४,२८,८००, आणि पोस्टफिक्स रीलोड केला. काकांना म्हटलं, "काका, आता पाठवा." लॉगमध्ये मेल, आरसीपीटी, डेटा सगळं दिसलं, पत्र रांगेतही शिरलं, पण पेटीत काही नाही. थोड्या वेळाने तर लहान पत्रंही पेटीत यायची थांबली. रांग दाखवणारी मेलक्यू ही आज्ञा चालवली, तर प्रत्येक पत्राखाली 'अननोन मेल ट्रान्सपोर्ट एरर'.

हा शेरा फसवा आहे. खरं कारण लॉगमध्ये वरच्या बाजूला 'फेटल' लिहिलेल्या ओळीत असतं : मेलबॉक्स साइझ लिमिट (पेटीची मर्यादा) ही मेसेज साइझ लिमिटपेक्षा (एका पत्राच्या मर्यादेपेक्षा) लहान आहे. पहिलीचं मूळ मूल्य ५,१२,००,०००. मी १२ लाख २८ हजार ८०० बाइट वर गेलो होतो. ही दोन मूल्यं अशी उलटी असली की पोस्टफिक्सचा पेटीत पत्र टाकणारा भाग चालूच होत नाही, मग पत्र दोन ओळींचं असो की फोटोचं. व्हर्च्युअल पेट्या (संगणकावर खातं नसलेल्यांच्या पेट्या) वापरणाऱ्यांना व्हर्च्युअल मेलबॉक्स लिमिटबाबत हेच भोगावं लागतं, तिचंही मूळ मूल्य तेवढंच आहे.

पत्रं हरवली नव्हती, हे महत्त्वाचं. डिफर झालेलं, म्हणजे पुढे ढकललं गेलेलं, पत्र पोस्टफिक्स मूळ सेटिंगनुसार ५ दिवस सांभाळतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. नियम बदलताना मी आता सॉफ्ट बाउन्स ही सेटिंग चालू ठेवतो. त्याने ५ ने सुरू होणारे कायमचे नकार ४ चे, म्हणजे तात्पुरते होतात आणि चूक माझी असली तरी समोरच्याचं पत्र लगेच परत जात नाही. काम झालं की ते आठवणीने बंद करायचं.

सोमवार

मर्यादा नीट विचार करून ठरवली. गटातले बरेच जण जीमेलवरून पाठवतात आणि तिथे जोडणी २५ एमबीपर्यंतच जाते. बेस६४ नंतर ती साधारण साडेतीन कोटी बाइट होते. म्हणून ४ कोटी ठेवले, पेटीच्या मर्यादेला हातही लावावा लागला नाही. रांगेच्या डिस्कवर या मर्यादेच्या दीडपट जागा रिकामी नसेल तर पोस्टफिक्स पत्र घ्यायला नकार देतो. म्हणजे ६ कोटी बाइट कायम मोकळे हवेत. पोस्टफिक्सचे जुने लॉग काढून ते करून घेतले.

सॉफ्ट बाउन्स बंद केलं, रीलोड केलं आणि पोस्टक्यू या आज्ञेला उणे एफ (-f) देऊन रांग ढकलली. चक्रवाकाचं पत्र सगळ्यात आधी गेलं : आकार १ कोटी ४ लाख, स्टेटस सेंट. त्यामागोमाग शेकाट्यांचे चार.