ट्रँगल कारखान्याचे दार आणि न्यूयॉर्कचे कायदे

अमेरिकेत कारखानदारी झपाट्याने वाढत होती त्या काळातल्या सुधारणांविषयी आपल्याकडे जे वाचायला मिळते ते बहुधा मोठ्या नावांच्या अंगाने येते: थिओडोर रूझवेल्ट, मक्तेदार कंपन्यांवरचे खटले, स्टँडर्ड ऑइलचे झालेले तुकडे, खाद्यपदार्थांच्या शुद्धतेचा १९०६ चा कायदा. मी एका कारखान्याच्या कार्यालयात नोकरी करते आणि सुरक्षेच्या नोंदवह्या भरणे हा माझ्या कामाचाच भाग आहे. त्यामुळे असेल कदाचित, पण या साऱ्या काळात मला सर्वांत बोलका वाटतो तो न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीतल्या आगीचा आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांचा इतिहास. २५ मार्च १९११ च्या त्या आगीत १४६ माणसे मेली, लोक खवळले आणि कायदे झाले, असे थोडक्यात सांगितले जाते. ते खोटे नाही. पण कामाच्या वेळेत कारखान्याच्या दाराला कुलूप लावू नये असा कायदा न्यूयॉर्क राज्यात आगीच्या आधीपासूनच होता, ही गोष्ट त्या सांगण्यात हरवते. कायदा असताना जे घडले ते पुढे नुसत्या कायद्याने कसे थांबणार होते, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर त्या काळातल्या काही लोकांनी फार चिकाटीने शोधले.

मॅनहॅटनमध्ये वॉशिंग्टन प्लेस आणि ग्रीन स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर १९०१ साली पुरी झालेली अ‍ॅश बिल्डिंग ही दहा मजली इमारत होती आणि तिच्या वरच्या तीन मजल्यांवर मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस यांचा हा कारखाना होता. बायकांचे बटणांचे ब्लाउज, ज्यांना तिथे शर्टवेस्ट म्हणत, ते शिवण्याचे काम सुमारे पाचशे कामगार करीत. त्यांत बहुसंख्य ज्यू आणि इटालियन स्थलांतरित कुटुंबांतल्या तरुण मुली होत्या. या मुली मुकाट्याने सोसणाऱ्या नव्हत्या. २२ नोव्हेंबर १९०९ रोजी कूपर युनियनच्या सभागृहात पुढाऱ्यांची लांबलचक भाषणे चालू असताना क्लारा लेमलिच नावाची मुलगी उठली, बोलणे पुरे झाले, आता सर्वसाधारण संप करू या, असे तिने यिडिश भाषेत सांगितले, आणि पाहता पाहता वीस हजारांवर कामगार संपावर गेले. पोलिसांनी त्यांना मारले, न्यायाधीशांनी त्यांना दंड केले. बहुतेक मालकांनी अखेर तडजोड केली. ट्रँगलच्या मालकांनी मात्र संघटनेला मान्यता दिली नाही.

कापड कापण्याच्या टेबलांखाली चिंध्यांच्या पेट्या होत्या, टेबलांवर तारेला पातळ कागदाचे नमुने टांगलेले होते, आणि चिंध्या नेणारा माणूस जानेवारीनंतर फिरकला नव्हता. शनिवारी संध्याकाळी पावणेपाचच्या सुमारास आठव्या मजल्यावर अशाच एका पेटीत ठिणगी पडली, बहुधा कुणाच्या तरी सिगारेटची. आठव्या मजल्यावरून दहाव्या मजल्याला, म्हणजे मालकांच्या कार्यालयाला, फोन गेला. तिथले जवळजवळ सगळे जण गच्चीवरून शेजारच्या इमारतीत निसटले. नवव्या मजल्याला कोणी कळवलेच नाही, आग पोहोचली तेव्हाच तिथल्यांना आग कळली. ग्रीन स्ट्रीटकडचा जिना लवकरच ज्वाळांनी अडला. वॉशिंग्टन प्लेसकडच्या जिन्याचे दार बंद होते. मागचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला. जोसेफ झीटो आणि गॅस्पर मॉर्टिलारो हे दोन लिफ्टवाले जमेल तोवर खालीवर करीत राहिले आणि त्यांनी पुष्कळांना वाचवले. अग्निशामक दलाच्या शिड्या सहाव्या मजल्याच्या वर जात नव्हत्या, आणि नवव्या मजल्यावरून उड्या टाकणाऱ्यांना झेलताना जाळ्या फाटल्या. अर्ध्या तासाच्या आत सारे आटोपले होते.

इमारत ‘अग्निरोधक’ म्हणून बांधलेली होती, आणि ती खरोखरच जळली नाही. आजही ती न्यूयॉर्क विद्यापीठाची ब्राउन बिल्डिंग म्हणून उभी आहे. जळला तो आतला माल, आणि मेली ती आतली माणसे. नियमानुसार दीडशे फुटांहून उंच इमारतींना लाकडी तक्तपोशी आणि लाकडी चौकटी चालत नसत. अ‍ॅश बिल्डिंग १३५ फूट उंच होती. एवढ्या क्षेत्रफळाला तीन जिने हवे होते. बाहेरचा लोखंडी जिना हाच तिसरा धरावा असे आराखडा करणाऱ्याने पटवून दिले होते. दारे शक्य असेल तिथे बाहेर उघडावीत असे कायदा म्हणत होता. जिन्याचा कठडा दारापासून इतका जवळ होता की बाहेर उघडणारे दार ‘शक्य’ नव्हते. पाण्याचे स्वयंचलित फवारे बसवण्याची सक्ती नव्हती, म्हणून ते नव्हते. कायद्याच्या मसुद्यात ‘शक्य असेल तिथे’ हे शब्द दिसले की आमच्या क्षेत्रातल्या जुन्या माणसाच्या कपाळावर आठी पडते, ती उगाच नाही.

दाराला कुलूप कशासाठी, याचे उत्तर खटल्यात मिळाले. सुटीच्या वेळी सगळ्या मुलींना ग्रीन स्ट्रीटकडच्या एकाच दाराने जावे लागे, आणि तिथे पहारेकरी त्यांच्या पिशव्या उघडून पाहत असे. चोरीला गेलेल्या मालाची किंमत किती, असे सरकारी वकिलाने विचारले तेव्हा हॅरिसला कबूल करावे लागले की ती पंचवीस डॉलरच्या वर जाणार नाही.

डिसेंबर १९११ मध्ये मनुष्यवधाच्या आरोपाखाली दोन्ही मालकांवर खटला चालला. सरकार पक्षाने राखेतून उकरलेले कुलूपच न्यायालयात ठेवले; त्याचा दांडा बाहेर आलेल्या स्थितीत होता. केट अल्टरमन या मुलीने, आपली मैत्रीण मार्गारेट श्वार्ट्झ त्या दारापाशी कशी अडकली, हे सांगितले. मालकांचे वकील मॅक्स स्टॉयर यांनी तिला शांतपणे सांगितले की पुन्हा सांग, तिने सांगितले, त्यांनी पुन्हा सांगायला लावले. तेच शब्द, तीच ‘आगीच्या लाल पडद्या’ची उपमा पुन्हा आली, आणि साक्ष पाठ करून घेतलेली आहे हे एकही कठोर शब्द न उच्चारता त्यांनी ज्युरीच्या मनात उतरवले. न्यायाधीशांनी ज्युरीला बजावले होते की दार बंद होते एवढे पुरेसे नाही, ते त्या वेळी बंद आहे हे आरोपींना ठाऊक होते हे सिद्ध व्हायला हवे. दोन तासांच्या आत बारा पुरुषांच्या ज्युरीने दोघांना निर्दोष सोडले. पुढे १९१४ मध्ये दिवाणी दाव्यांची तडजोड झाली ती एका जिवामागे ७५ डॉलरवर. आणि त्याआधी, १९१३ मध्ये, याच ब्लँकला नव्या जागेतल्या कारखान्याचे दार कामाच्या वेळेत बंद ठेवल्याबद्दल दंड झाला होता: वीस डॉलर.

कायदा होता, गुन्हा सिद्ध झाला नाही, आणि सिद्ध झाला तेव्हा शिक्षा वीस डॉलर. त्या काळच्या सुधारकांना नडत होते ते हे. शिवाय न्यायालये त्यांच्या विरुद्ध होती. आगीच्या आदल्याच दिवशी, २४ मार्च १९११ रोजी, न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायपीठाने कामगारांना सक्तीची नुकसानभरपाई देणारा नवा कायदा रद्द केला होता. मालकाची चूक नसताना त्याचा पैसा घेणे म्हणजे योग्य न्यायप्रक्रियेविना मालमत्ता हिरावणे, असा त्यांचा युक्तिवाद होता. रेल्वेतल्या आइव्हज नावाच्या कामगाराचा तो खटला कायद्याच्या पुस्तकांत आजही आहे. आदल्या दिवशी हा निकाल आणि दुसऱ्या दिवशी ही आग, असा योग कादंबरीत आला असता तर आपण लेखकाला ओढूनताणून जुळवल्याचा दोष दिला असता.

२ एप्रिलला मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये शहरातल्या प्रतिष्ठितांची सभा भरली. तिथे कामगार कार्यकर्त्या रोझ श्नायडरमन अगदी हळू आवाजात बोलल्या आणि तरीही सभागृहाला चटका बसला. तुमच्याशी गोडीगुलाबीने बोलले तर त्या जळालेल्या देहांशी मी गद्दारी करीन, तुम्हा भल्या लोकांची आम्ही परीक्षा घेऊन पाहिली आणि तुम्ही कमी पडलात, असे त्या म्हणाल्या. सभेतून एक नागरिक समिती निघाली. आग लागली तेव्हा कामगारांच्या हितासाठी झटणाऱ्या कन्झ्युमर्स लीग या संस्थेच्या कार्यकर्त्या फ्रान्सिस पर्किन्स जवळच वॉशिंग्टन स्क्वेअरवर एका घरी चहाला गेल्या होत्या. धावत येऊन त्यांनी मुलींच्या उड्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. त्या या समितीच्या कामात उतरल्या. विधानसभेतले नेते अल स्मिथ यांनी समितीला व्यवहारी सल्ला दिला: भल्या नागरिकांच्या अहवालाला विधिमंडळात कोणी विचारत नाही, आपल्याच सदस्यांनी केलेल्या चौकशीला मात्र त्यांना मान द्यावा लागतो. त्यातून जून १९११ मध्ये राज्याचा कारखाना चौकशी आयोग नेमला गेला. अध्यक्ष सिनेटर रॉबर्ट वॅग्नर, उपाध्यक्ष स्मिथ.

हे दोघेही टॅमनी हॉलचे, म्हणजे मतांच्या बदल्यात नोकऱ्या आणि कोळसा वाटणाऱ्या, भ्रष्टाचारासाठी बदनाम असलेल्या शहरी पक्षयंत्रणेचे. सुशिक्षित सुधारकांचे अर्धे आयुष्य या यंत्रणेला शिव्या देण्यात गेले होते. १९०९ च्या संपात मुलींना मारणारे पोलीसही याच यंत्रणेच्या छायेतले. टॅमनीचा सर्वेसर्वा चार्ल्स मर्फी याला एकाएकी कळवळा आला असे मला वाटत नाही; स्थलांतरितांची मते समाजवाद्यांकडे जातील हा हिशेब त्याला कळत होता. पण स्मिथ स्वतः लोअर ईस्ट साइडच्या गल्लीत वाढलेले, वडील गेल्यावर शाळा सोडून फुल्टन मासळी बाजारात राबलेले, आणि मेलेल्या मुली त्यांच्याच मतदारांच्या घरच्या होत्या. सुधारणेला स्वच्छ हातच लागतात हा समज या प्रकरणाने पार खोटा ठरवला, आणि मला तरी यात वाईट वाटण्यासारखे काही दिसत नाही.

आयोगाने पहिल्याच वर्षी अठराशेहून अधिक कारखाने तपासले आणि दोनशेवर साक्षीदार ऐकले. पर्किन्स सदस्यांना घेऊन पहाटे कारखान्यांच्या दारात उभ्या राहत. एके ठिकाणी ‘आगीची वाट’ म्हणून दाखवलेल्या भिंतीतल्या छोट्या भोकातून त्यांनी वॅग्नरना सरपटत बर्फाळलेल्या शिडीकडे जायला लावले. फळे-भाज्या डबाबंद करण्याच्या शेडमध्ये अगदी लहान मुले शेंगा सोलताना त्यांनी त्यांना दाखवली. आमच्याकडे मॉक ड्रिलच्या दिवशी सगळी दारे उघडी आणि सगळे बोळ मोकळे असतात, हे ज्याला माहीत आहे त्याला या पहाटेच्या, न कळवता दिलेल्या भेटींचे मोल वेगळे सांगायला नको.

१९११ ते १९१४ या काळात तीसहून अधिक कायदे झाले. प्रत्येक कारखान्याची नोंदणी, आगीच्या कवायती, बाहेर उघडणारी दारे, उंच मजल्यांवर पाण्याचे फवारे, चिंध्या आणि कचरा रोज उचलणे, धूम्रपानबंदी, धुण्या-जेवण्याची सोय, बायकांना पाठ टेकता येईल अशा खुर्च्या. आणि या सगळ्याहून महत्त्वाचे म्हणजे कामगार खात्याची फेररचना, वाढवलेले निरीक्षक आणि नियम करण्याचे अधिकार असलेले मंडळ. यात ‘मालकाला ठाऊक होते का’ हा प्रश्न पुष्कळ मागे पडतो. चिंध्या उचलल्या की नाही हे पाहायला कोणाच्या मनात शिरावे लागत नाही. न्यायालयांवरही याच कंटाळवाण्या कागदपत्रांचा परिणाम झाला. बायकांच्या रात्रपाळीवरची बंदी न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९०७ मध्ये रद्द केली होती. तशीच बंदी १९१५ मध्ये त्याच न्यायालयाने मान्य केली आणि आयोगाने गोळा केलेल्या माहितीचा आधार घेतला. त्या बंदीने छापखान्यांत रात्री काम करणाऱ्या काही बायकांच्या नोकऱ्या गेल्या, हेही खरे, आणि त्यांनी त्याविरुद्ध आवाजही उठवला.

नुकसानभरपाईचे प्रकरणही राहिले नाही. नोव्हेंबर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मतदारांनी राज्यघटनाच दुरुस्त केली आणि आइव्हज निकालाची अडचण दूर केली. त्या वर्षीच्या जुलैमध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले होते, म्हणजे हे मतदान ते त्या शहरात असतानाच झाले. त्यावरून सरळ रेघ ओढणे मला योग्य वाटत नाही. मात्र पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य असताना त्यांनी बारमाही कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये पुढे नेली, हे आठवल्याशिवाय राहत नाही.

५४ तासांचाच आकडा न्यूयॉर्कमध्ये १९१२ मध्ये गाजला होता. बायकांसाठी आठवड्याला ५४ तासांची मर्यादा घालणारे विधेयक, सिनेट आणि विधानसभा यांच्या मसुद्यांत फरक ठेवून अधिवेशनाच्या शेवटच्या तासात मारायचे, असा डाव होता. सिनेटच्या मसुद्यात डबाबंद उद्योगाला सूट होती. सूट मान्य करण्याचा अधिकार पर्किन्स यांना त्यांच्या संस्थेने दिलेला नव्हता. त्यांनी तो स्वतःच्या जबाबदारीवर घेतला. टॅमनीचे ‘बिग टिम’ सलिव्हन, ज्यांची बहीण लहानपणी कामावर जात असे, विधिमंडळ जिथे भरे त्या ऑल्बनीहून न्यूयॉर्क शहराकडे जाणाऱ्या बोटीवर निघून गेले होते. फोन येताच ते चढ चढून धापा टाकत परत आले आणि त्यांच्या मताने विधेयक तरले. डबाबंद कारखान्यांतल्या बायका मात्र बाहेर राहिल्या. आठवड्याच्या सुटीच्या वादात याच उद्योगाने पुन्हा सूट मागितली, तेव्हा विश्रांतीच्या दिवसाची धर्माज्ञा मी नीट वाचली, ‘डबाबंद कारखाने वगळून’ असे तिच्यात कुठे सापडले नाही, असे स्मिथ म्हणाले.

पर्किन्स १९३३ मध्ये अमेरिकेच्या मंत्रिमंडळातल्या पहिल्या स्त्री झाल्या, मजूर खात्याच्या मंत्री. वॅग्नर यांच्या नावाने १९३५ चा कामगार संघटनांचा कायदा ओळखला जातो. किमान वेतन आणि कामाचे तास ठरवणारा १९३८ चा केंद्रीय कायदा पर्किन्स यांनीच तडीस नेला, आणि तिथेही शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका वगळल्या गेल्या. दक्षिणेत या कामांवर बहुतांशी कृष्णवर्णीय माणसे होती आणि दक्षिणेतल्या सदस्यांच्या मतांवाचून कायदा पुढे सरकत नव्हता. घरकाम करणाऱ्यांचा समावेश व्हायला १९७४ उजाडले. न्यूयॉर्क राज्यातल्या शेतमजुरांना आठवड्यातून एक दिवस सुटीचा हक्क मिळाला तो २०१९ च्या कायद्याने, आणि त्यांचा जादा कामाचा दर तेव्हा सुरू झाला तो साठ तासांनंतर.