सहा गुण आणि एक जोडी

रविवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास भाचा ताटावरून उठला, तो परत येईचना. वरणावरचं तूप थिजलं. बाहेर जाऊन बघते तर पायऱ्यांवर बसलेला, हातात फोन, चेहरा उतरलेला. "मावशी, टीझर गेला," म्हणाला. मला टीझर म्हणजे सिनेमाचा, तेवढाच ठाऊक.

मग त्याने समजावलं आणि मी कागदावर उतरवून घेतलं. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, फुटबॉलवर पैसे लावताना कोण जिंकणार यापेक्षा किती गुणांनी जिंकणार याला महत्त्व. वरचढ संघासमोर उणे ८ लिहिलं असेल, तर त्याने ८ पेक्षा जास्त गुणांनी जिंकायला हवं. टीझरमध्ये ६ गुण तुमच्या बाजूला सरकवून मिळतात. उणे ८ चे उणे २ होतात, दुबळ्या संघाचे अधिक २ चे अधिक ८, म्हणजे तो ८ पेक्षा कमी गुणांनी हरला तरी चालतं. त्याबदल्यात निदान दोन सामने एकत्र बांधायचे आणि दोन्ही बरोबर यायला हवेत. एक चुकला की सगळं गेलं.

भाच्याचा पहिला संघ दुपारी एकच्या सामन्यात ३ गुणांनी जिंकला. उणे ८ वर तो बुडाला असता, उणे २ वर तरला. दुसरा संघ ७ ने मागे होता, ८ च्या आत चाललं असतं, आणि मिनिटभराचा खेळ उरला होता. तेवढ्यात समोरच्यांनी चेंडू लाथेने खांबांमधून मारून ३ गुण घेतले. फरक १० झाला. लावलेले १२० डॉलर गेले, जिंकला असता तर वर १०० मिळणार होते.

"पण मावशी, सहा गुण फुकट मिळतात ना!" हे तो तीनदा म्हणाला. त्या "फुकट"ने माझं डोकं फिरलं. मी आयुष्यभर हिशेब लिहीत आलेली बाई. धर, म्हटलं, सहा गुण मिळाल्यावर एकेक सामना १०० पैकी ७० वेळा तुझ्या बाजूने लागतो. दोन्ही एकदम किती वेळा लागतील? ४९ वेळा. १०० वेळा खेळलास तर ४९ वेळा १०० मिळाले, म्हणजे ४,९००. ५१ वेळा १२० गेले, म्हणजे ६,१२०. खिशातून १,२२० डॉलर उडाले. नुसतं बरोबरीत सुटायचं तरी प्रत्येक सामना जवळजवळ ७४ टक्के वेळा लागायला हवा. पैसे लावून घेणाऱ्या कंपनीने १०० साठी १३५ मागितले तर ७६ टक्के.

त्याच्या बाजूचंही सांगते, मुलगा आंधळेपणाने खेळत नव्हता. या खेळात खांबांमधून मारलेल्या किकचे, म्हणजे फील्ड गोलचे ३, आणि चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की टचडाउन, त्याचे नंतरची किक धरून ७, म्हणून बरेच सामने बरोबर ३ किंवा ७ च्या फरकाने संपतात. उणे ८ वरून उणे २ वर आलं की हे दोन्ही आकडे ओलांडले जातात, तिथे सहा गुणांना खरी किंमत असते. उणे ३ वरून अधिक ३ वर गेलात तर मधले गुण वाया, कारण बरोबरीत सुटणारे सामने फारच थोडे. हे त्याला पाठ होतं. पण हे कंपन्यांनाही पाठ आहे! पूर्वी दोन सामन्यांच्या टीझरला १०० साठी ११० लावावे लागत, आता १२० किंवा त्याहून जास्त, ते उगाच नाही.

मी लालबागच्या चाळीत वाढले. मला टीझरचं नाव नवीन, चाल नाही. आमच्याकडे मटका चालायचा, त्यात ओपन आणि क्लोज हे दोन्ही आकडे लागले तर जोडी. आमच्या मजल्यावरचे एक काका पगाराच्या दिवशी जोडी लावायचे आणि काकू आमच्याकडे तांदूळ मागायला यायच्या, वाटी पदराखाली धरून. ओपन-क्लोज हे शब्दही इथलेच. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव मुंबईला तारेने यायचे, त्यावर आकडा लागायचा. ते भाव येणं बंद झाल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या, म्हणून मटका. आज मी त्याच न्यूयॉर्कपासून नदीपल्याड, न्यू जर्सीत राहते आणि बहिणीच्या मुलाच्या फोनवर जोडी बघते.

इथे सगळं उघड आहे, हे मान्य करायला हवं. खेळांवर पैसे लावू द्यावेत म्हणून न्यू जर्सीनेच खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, मे २०१८ मध्ये निकाल लागला आणि जूनमध्ये पैसे लावणं सुरू झालं. वय २१ हवं, फोन राज्याच्या हद्दीत हवा. न्यूयॉर्कमध्ये २०२२ पर्यंत फोनवरून पैसे लावता येत नव्हते, तेव्हा तिकडचे लोक नदी ओलांडून इकडे यायचे. न्यू जर्सीतल्या कॉलेजांच्या संघांवर पैसे लावायला मात्र अजून बंदी. नियम छापलेले, जिंकलेले पैसे बुडत नाहीत, मदतीचा फोन नंबर जाहिरातीखाली. आमच्या काकांना यातलं काहीच नव्हतं.

तरी ऑफिसात कुणी "तुमच्या देशात बंदीच घातली ना?" असं विचारलं तेव्हा मला राग आला. हो, २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि बरं केलं. चोरून खेळणारे खेळतीलच, पण जोडी लावायला निदान गल्लीच्या टोकापर्यंत जावं लागतं, वाटेत कुणीतरी ओळखीचं भेटतं. इथे पोरगं माझ्या शेजारी बसून वरण-भात कालवतं आणि अंगठ्याने १२० डॉलर घालवतं. दिवाळीत आम्हीही तीन पत्ती खेळतो, ते मी नाकारत नाही. पण ती सुट्ट्या नाण्यांची, आणि हरलेले पैसे घरातच राहतात. मला त्यात फरक दिसतो.

त्या रात्री मागचे दहा रविवार काढायला लावले. नऊशे चाळीस डॉलर. ताईने डोंबिवलीचा फ्लॅट तारण ठेवून त्याला एमएससाठी पाठवलंय. त्याने माझ्यासमोर ॲपमध्ये पैसे भरण्याची मर्यादा शून्याजवळ आणली आणि म्हणाला, "आईला सांगू नकोस."

"मी नाही सांगणार," म्हटलं, "तू सांगायचंस." शनिवारी तिचा फोन येतो.