वेल्हे-मुळशीच्या वाड्यांवर टॅबने सर्वेक्षण : माझा अनुभव

कागदी फॉर्मला समास असतो, टॅबला नसतो. कुटुंब-सर्वेक्षण टॅबवर आणलं की ही उणीव पहिल्याच वाडीवर जाणवते. ‘भाऊ दोघे, घर एक, चुली दोन’ असं कागदावर कडेला खरडून पुढे जाता येतं. टॅब मात्र दिलेल्या पर्यायांपैकी एक निवडल्याशिवाय हलत नाही. त्यामुळे वेल्हे (आता राजगड) आणि मुळशी तालुक्यांतल्या कामाचं भलंबुरं पुण्यात, फॉर्म बांधतानाच ठरतं.

आम्ही ओडीके कलेक्ट हे फॉर्म भरण्याचं ॲप वापरतो. फॉर्म एक्सेलमध्ये बनतो. एका शीटवर प्रश्न, दुसऱ्यावर पर्याय. कुटुंबाची व्याख्या आधीच पक्की करायची : एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, रेशनकार्डं कितीही असोत. ‘घरात माणसं किती?’ असं थेट विचारलं की तान्हं मूल आणि अंथरुणावरची आजी हमखास सुटतात. म्हणून एकेक नाव विचारत जायचं आणि बेरीज टॅबवर सोडायची.

सगळ्यात जास्त घोळ जमिनीचा. शेतकरी ‘एक एकर दहा गुंठे’ सांगतो, सर्वेक्षक १.१० टाकतो आणि पुण्यात ते दशांश म्हणून वाचलं जातं. खरा आकडा सव्वा एकर, म्हणजे १.२५. एकर आणि गुंठ्यांचे रकाने वेगळे ठेवले आणि गुंठ्यांना ३९ ची मर्यादा घातली की ही चूक टळते, कारण ४० गुंठ्यांना एकर पुरा होतो. सातबारा पुढे केला तर त्यावर हेक्टर-आर असतं, त्याचा रकाना आणखी निराळा. मोबाइल नंबराचंही तसंच : पूर्णांकाच्या प्रश्नात ९ च आकडे मावतात, दहावा जात नाही. तो प्रश्न मजकुराचा ठेवून फक्त आकड्यांचा कीबोर्ड द्यायचा.

समासाची सोय म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी ‘इतर नोंद’ हवी. मराठी टायपिंगला वेळ लागतो, म्हणून तिथेच आवाज रेकॉर्ड करण्याचा प्रश्न ठेवतो; अर्थात घरच्यांना विचारूनच.

भर पावसात जाण्यात अर्थ नाही. लावणीच्या दिवसांत घरं रिकामी असतात, ओलं बोट स्क्रीन ओळखत नाही आणि थेंब पडला की भलताच पर्याय निवडला जातो. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. म्हणून दसरा-दिवाळीच्या मधले दिवस बरे, तेही दिवेलागणीनंतर. ‘कुलूप’ हा पर्याय फॉर्ममध्ये हवाच, नाहीतर बंद घर यादीतूनच गायब होतं.

जीपीएस पत्र्याखाली बसून घेऊ नये. अंगणात उभं राहून अचूकता १० मीटरच्या आत येईपर्यंत थांबायचं; डोंगराच्या कुशीतल्या वाडीला जरा जास्त वेळ लागतो. पॉवरबँकेवरचा १०,००० एमएएचचा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टचा असतो. ५ व्होल्ट करताना त्यात घट होते. ६,००० च्या बॅटरीचा टॅब त्यावर जेमतेम एकदा भरतो. बॅटरी पार उतरलेल्या टॅबची तारीख सकाळी तपासावी, नाहीतर मुलाखतीच्या वेळा चुकीच्या नोंदल्या जातात.

फॉर्म रेंजशिवाय भरता येतात, पाठवायला मात्र खिंडीपर्यंत यावं लागतं. इथे एक धोका आहे. टॅब अडकला की कुणीतरी सल्ला देतं, ‘ॲप काढून परत टाक.’ ॲप काढलं की न पाठवलेले फॉर्मही त्याच्याबरोबर जातात. म्हणून रोज रात्री टॅबवर पूर्ण झालेल्या आणि सर्व्हरवर पोचलेल्या फॉर्मचे आकडे जुळवतो. जुळले नाहीत तर तो टॅब दुसऱ्या दिवशी वाडीवर जात नाही.