मुळी नव्हे, जनावर

डिसेंबरात सुटीवर खानापूरजवळच्या आमच्या गावी आलो होतो. दुसऱ्याच दिवशी बेळगावहून वनखात्यातल्या एका ओळखीच्या साहेबांचा फोन. "सर, पूजेच्या सामानाच्या दुकानातनं माल धरलाय. दुकानदार म्हणतोय समुद्रातली मुळी हाय. तुम्ही समुद्राचे डॉक्टर, जरा बघून जावा की."

समुद्राचा डॉक्टर ही पदवी गावानं दिलेली. मी प्रवाळांवर काम करतो, बहुतेक मन्नारच्या आखातात. तूतुकुडी ते रामेश्वरमच्या दरम्यान एकवीस बेटं आहेत, त्यांच्याभोवती बुडी मारून, तळावर टेप अंथरून किती प्रवाळ जिवंत, किती मेलं, ते मोजायचं. २०१६च्या उन्हाळ्यात पाणी तापलं तेव्हा डोळ्यांदेखत अख्खे पट्टे पांढरेफटक पडताना पाहिलेत. प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारं सूक्ष्म शैवाल उष्म्यानं बाहेर पडतं आणि मागं पांढरा सांगाडा तेवढा दिसतो. हे गावात सांगायला गेलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे मासं धरतोस काय?"

कार्यालयात टेबलावर अकरा चौकटी मांडल्या होत्या. आत लाल साटीन, त्यावर पंख्यासारखी पसरलेली काळी जाळीदार फांदी, कोपऱ्यात लक्ष्मीचं चित्र. खाली कानडी आणि मराठीत छापलेलं: बाधा टळते, गल्ला भरलेला राहतो. इंद्रजाल.

एकीची काच काढून बुंध्याला भिंग लावलं. मुळं कुठंच नव्हती. खडकाला चिकटून राहणारी चपटी बैठक होती आणि तिच्यावर बार्नेकल या समुद्रात खडकांना चिकटून राहणाऱ्या जिवाचं इवलंसं कवच. खानापूरच्या रानात बार्नेकल चिकटलेली मुळी सापडली तर मी नोकरी सोडेन! चौकटीच्या तळाशी पडलेला एक तुकडा साहेबांना विचारून काडीनं पेटवला. गार्डनं नाक धरलं. "केस जळल्यागत वास येतोय की."

यायचाच. या सांगाड्यात शिंगा-नखांच्या जातीचं प्रथिन असतं.

पण वासावर खटला उभा राहत नाही. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाऊन बुंध्याच्या खाचेतली खरवड काचपट्टीवर घेतली आणि ब्लीचचे दोन थेंब टाकले. मांस विरघळलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली चुन्याचे कण उरले, दोन्ही टोकांना निमुळते, अंगावर गाठीगाठी. सी फॅन, म्हणजे गॉर्गोनियन, पंख्यासारखं पसरणारं प्रवाळ. नऊ चौकटींत हेच निघालं. उरलेल्या दोन फांद्यांवर हे कण नव्हते, बारीक काटे होते. ते काळं प्रवाळ. दोन्ही २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या पंगतीला. शिक्षा तीन ते सात वर्षं.

समुद्रात हा पंखा काळा नसतोच. नारिंगी, जांभळा, पिवळा असतो. प्रवाहाला आडवा उभा राहतो आणि त्याच्यावरचे हजारो जीव आपापले आठ-आठ पिसांसारखे हात पसरून वाहून येणारं अन्न टिपत असतात. हातभर वाढायला वर्षानुवर्षं जातात. ट्रॉलरच्या जाळ्यानं तो एका ओढीत उपटला जातो, मांस कुजून गळतं, उरतो हा काळा सापळा.

दुकानदार बाहेर बाकावर बसला होता. पन्नाशीचा, साधा माणूस. फिरत्या विक्रेत्याकडनं माल घेतला, म्हणाला. बारावी चौकट त्याच्याच गल्ल्यावर होती म्हणे, पण ती जप्त करताना कुणाच्या लक्षात आली नव्हती आणि त्यानं ती स्वतःहून आणून दिली होती. म्हणून बारा. मी ती बारावी अहवालात बसवत होतो, तेवढ्यात हात थांबला.

आमच्या उंबऱ्यावर काय आहे?

गावी पोचेस्तोवर दिवेलागण झाली होती. आत्ती उदबत्ती घेऊन दारात उभी. वर, लाल साटीनवर, काळी फांदी. कुठल्याशा जत्रेतून तिनं आणलेली. प्रवाळांवर पीएच.डी. करून मी त्याच दारातून वर्षानुवर्षं ये-जा केली, मान वर करून एकदाही बघितलं नाही. घरातल्या देवादिकांकडं आपण बघतो कुठं, पाया पडतो.

खाली काढून तिला सगळं सांगितलं.

"जनावर? ह्ये?"

"होय. एक न्हाई, हजारभर."

ती बराच वेळ चौकटीकडं बघत राहिली. मग उदबत्ती तुळशीत खोचली. "म्हणजे इतकी वर्सं मढ्याला ओवाळलं व्हय मी?"

सकाळी चौकट वर्तमानपत्रात गुंडाळून एसटीनं बेळगावला नेली. साहेब हसले, मग गंभीर झाले आणि कागद पुढं सरकवला. अनुक्रमांक तेरा. प्रकार, गॉर्गोनियन. 'कोठे आढळले' या रकान्यात मी आमच्या घराचा पत्ता लिहिला आणि खाली तज्ज्ञ म्हणून सही केली.